बिनधारेची आकडी

मित्रांनो, मी किन्नौरच्या डोंगरातली एक जुनी आकडी आहे. लांब काठी आणि तिच्या टोकाला वाकडा लोखंडी दात, एवढाच माझा संसार. घरात विळ्याला धार, कुऱ्हाडीला धार. मला मात्र लोहाराने मुद्दाम बोथट ठेवले. का, ते कोणी सांगेना. हा प्रश्न मला लहानपणापासून छळत आला.

माझे काम चिलगोज्याची, म्हणजे आत खायच्या बिया असलेल्या डोंगरी पाइनची, बोंडे पिळून खाली पाडण्याचे. गावचा देव तोडणीचा दिवस ठरवून देईपर्यंत झाडाला कोणी हात लावत नसे. मग माझ्या मालकिणीचा, जांगमोचा, दीर पाल्दन मला घेऊन शेंड्यावर चढे. तिथून खाली सतलज दिसे, सफरचंदांच्या पेट्या घेऊन रांगणारे ट्रक दिसत, कुरणांवरून उतरणारी मेंढरे दिसत. कोणाचे पोट बागेवर, कोणाचे लोकरीवर. विधवा जांगमोला ना बाग, ना मेंढरे. तिच्या वाट्याला गावाने दिलेली पाच झाडे.

एके वर्षी ढग लवकर भरून आले. पाल्दनने कानस काढली आणि माझा दात लखलखीत केला. आपल्यात आकडीला धार लावत नाहीत, असे जांगमो म्हणाली.

“वहिनी, बर्फ पडला की मग बस पाखरांना जेवण घालत,” तो हसला.

त्या दिवशी मी काय मिरवले म्हणून सांगू! पिळायची गरजच नाही. ओढले की बोंड फांदीसकट खाली. तीन दिवसांचे काम दुपारीच आटोपले. शेजारी वाहवा करू लागले. मला वाटले, लोहारच वेडा होता.

खाली जांगमो गोळा करता करता थांबली. तुटलेल्या फांद्यांवर नखाएवढी हिरवी बोंडे धरलेली होती.

“भावजी, ही पुढच्या वर्षाची होती.”

पुढच्या वर्षी देवाने दिवस दिला, गाव रानात गेले. आमच्या झाडांवर काढण्यासारखे काही नव्हते. जांगमो परक्यांच्या झाडांखाली मजुरीने बोंडे वेचायला गेली. मला फार लाज वाटली. पाल्दन मला नदीवर घेऊन गेला आणि हाताला फोड येईपर्यंत माझा दात दगडावर घासून पुन्हा बोथट करत बसला. लोहाराचे उत्तर मला तिथे मिळाले.

मित्रांनो, माझा गंज पुसला नाहीत तरी चालेल. जांगमो सांगत होती, त्या झाडांच्या नव्या फांद्यांवर यंदा पुन्हा नखाएवढी बोंडे धरली आहेत. ती पिकतील तेव्हा मला उचलणाराने आधी माझ्या दातावर बोट फिरवून बघावे.