सरकलेला काळोख

दसरा कालच झाला होता. धुळ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे शालिग्राम सर सकाळपासून तिसऱ्यांदा वाकून कोन वाचत होते. साल ब्याण्णव. त्यांनी मुंबईहून करून आणलेल्या काचेच्या लोलकावर चांदीचा पापुद्रा होता, इतका पातळ की त्यातून पलीकडची खिडकी निळसर दिसावी. काचेच्या आतून लेसरचा लाल किरण सोडला, की चांदीवरून तो परत फिरे. फक्त एका नेमक्या कोनाला चांदीतले इलेक्ट्रॉन त्याला आपल्या लहरीत ओढून घेत आणि पडद्यावरचा ठिपका विझे. तो कोन चव्वेचाळीस अंशांचा. आज मात्र ठिपका साडेपंचेचाळिसावर विझला, आणि तोही धड नाही.

"भिकन, याला हात कोणी लावला?"

प्रयोगशाळेतला भिकन बाटल्या पुसत होता. "कोनीच नई, सर. काच तशीच शे."

"तशीच असती तर काळोख सरकला असता का?"

सरांना खात्रीच वाटत होती. काही चकचकीत दिसलं की या माणसाचं फडकं फिरलंच. नेमका आज टेबलावर त्याच्याच कायम नोकरीचा कागद होता, नऊ वर्षं रोजंदारीवर काढल्यावर आलेला. दुपारी तो प्राचार्यांकडे जायचा होता. 'विश्वासू आहे काय?' या रकान्यापुढे सरांनी अजून पेन टेकवलं नव्हतं.

त्यांनी भिंग लावून पाहिलं. ओरखडा नाही, बोटाचा ठसा नाही. पण हात सराईत असला, तर ठसा राहील कशाला?

"सर," भिकन बाटली खाली ठेवत म्हणाला, "परवा खंडेनवमीले बठ्ठी यंत्रं मांडीसन पूजा तुम्हीच केली. लोलकाची डबी उघडी व्हती. कापूर कोनी लावला?"

दुसरा लोलक घरी कपाटात होता, तो सर सायकलवर जाऊन घेऊन आले. कोन पाहिला, चव्वेचाळीस. मग ताटलीत कापराची वडी पेटवून लोलक क्षणभर धुरावर धरला आणि पुन्हा किरण सोडला. ठिपका पंचेचाळिसाच्या पुढे जाऊन विझला. डोळ्यांना न दिसणारी काजळी चांदीला बरोबर कळली होती.

सरांचे कान तापले. त्यांनी रकान्यात 'अत्यंत विश्वासू' लिहिलं, खाली सही केली आणि पाकीट पुढे ओढलं.

"बंद नका करू, सर," भिकन हळूच म्हणाला. "आधी मला वाचू द्या."

नऊ वर्षांत त्याने असं कधी मागितलं नव्हतं. सरांनी कागद दिला. भिकनने एकेका अक्षराखाली बोट धरून तो वाचला, मग उलटून मागची बाजूही पाहिली.