ओल्या बोटाची पारख

एक आगकाडी विझायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात मुख्तार चोर ठरला.

गोष्ट निजाम सरकारच्या अमलातली, औरंगाबादच्या नवाबपुऱ्यातली. करीमसेठच्या हिमरूच्या, म्हणजे सुतात रेशमी फुलं विणलेल्या कापडाच्या, कारखान्यात अकरा माग होते, खिडकीजवळचा मुख्तारचा. त्यानं विणलेली शाल दौलताबादकडच्या एका जागीरदारांच्या घरी गेली आणि पहिल्याच धुण्यात बिघडली. मोलकरणीनं पिळताच रेशमी फुलांचे धागे जागोजाग तुटून वर आले. शाल परत आली. करीमसेठनं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आप्पासाहेबांना बोलावलं. त्यांनी फुलातला एक धागा उपसून पेटवला. कागद जळाल्यासारखा वास आला, चिमूटभर करडी राख उरली.

"रेशीम असतं तर केस जळाल्याचा वास आला असता," आप्पासाहेब म्हणाले. "हा कापूस आहे. चकाकी आणलेलं सूत." आणि ते तास घ्यायला निघून गेले.

झालं. करीमसेठनं सगळ्या मागांसमोर ओरडून निकाल दिला. रेशीम मी दिलं होतं, ते तू बाहेर विकलंस आणि बाजारातलं चकाकीचं सूत भरलंस. तीन दिवसांत माग रिकामा कर. आता चोर म्हणून हाकललेल्या विणकराला शहरातला दुसरा कुठला कारखाना दारात उभं करतो? मुख्तारला विणण्याशिवाय काही येत नव्हतं. तो घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसला.

त्याच्या बायकोच्या, सगीराच्या, मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या शालीच्या कांड्या, धोट्यात बसवायच्या धाग्याच्या नळ्या, तिनंच भरल्या होत्या. लडी उलगडताना धागा तुटला की कांडी भरणारी बाई बोट जिभेला लावते, दोन टोकं ओली करून पीळ देते आणि गाठ मारते. या लडीत ओलं बोट लागलं की धागा पुन्हा तिथंच तुटायचा. शेवटी ती कोरड्या बोटानं गाठी मारायला शिकली. हे तिनं तेव्हाच करीमसेठला जाऊन सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "हात नीट चालव, बाई. लडीला नावं ठेवू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गुलमंडीच्या बाजारातून चकाकीच्या सुताची एक लडी आणली, घरातला त्या शालीच्या धाग्यांचा गुंता पदरात बांधला आणि थेट कॉलेज गाठलं. सगीराचं माहेर वैजापूरकडचं. एरवी ती मोहल्ल्यात दखनी बोले, पण राग आला की जीभ माहेरच्या मराठीवर यायची.

"मास्तर, एका काडीत माझा माणूस जाळला तुमी!"

प्रयोगशाळेत बाटल्या पुसत उभे असलेले आप्पासाहेब गडबडले. "बाई, मी चोर कुणाला म्हटलं नाही. मी फक्त कापूस म्हटलं."

"तुमी कापूस म्हणलं अन् त्यो चोर झाला. आता पाणी द्या."

त्यांनी काचेच्या भांड्यात पाणी दिलं. तिनं दोन्ही धागे भिजवले. आधी चकाकीचं सूत त्यांच्या हातात दिलं. "ओढा." त्यांनी ओढलं. धाग्यानं बोटाला काचलं, पण तो तुटला नाही. मग शालीचा धागा. तो जरा ताणताच तुटला. तोच धागा कोरडा ओढला, तर चांगला टिकला. आप्पासाहेबांनी पाच वेळा करून पाहिलं. पाचव्या वेळेला त्यांचा चेहरा उतरला होता.

"हा कापूस नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "बनावट रेशीम आहे. मी यावर वाचलं होतं आणि तरी... काडी ओढून मोकळा झालो."

"मंग काल वास कापसाचा कसा आला?"

आप्पासाहेब स्टुलावर बसले. शिकवायची वेळ आली की त्यांना धीर यायचा. "दोन्हींचा माल एकच आहे, बाई. कोळशाचे, हवेतल्या प्राणवायूचे वगैरे बारीक अणू. दोन भावांच्या बांधावर सामाईक विहीर असते ना? पाणी दोघांचं, म्हणून दोघंही जागा सोडत नाहीत. तसे शेजारचे दोन अणू आपापले इलेक्ट्रॉन सामाईक वापरतात आणि एकमेकांना धरून राहतात. अशी एकाला एक लागून लांबच लांब साखळी होते. कापसात या साखळ्या लांब असतात आणि बऱ्याचशा एकमेकींना खेटून, ओळीत बसलेल्या. पाण्याला त्यांच्यात शिरायला फार वाव नाही. बनावट रेशीम करताना लाकडाचा लगदा औषधात विरघळवतात आणि बारीक भोकांतून पुन्हा धागा काढतात. त्यात साखळ्या तोकड्या होतात, विस्कटतात. मग पाणी मधे शिरतं, साखळ्या एकमेकींवरून सरकतात आणि धागा तुटतो."

"अन् आग?"

"आग साखळीच मोडते. ती कशी रचली होती, हे राख कुठून सांगणार?"

सगीराला हे पटायला वेळ लागला नाही. तेच सूत घट्ट ठोकून विणलं तर शाल होते आणि विरळ विणलं तर पीठ चाळायचं फडकं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण समजलं म्हणून तिचा राग काही उतरला नाही. उलट भडकला. एवढं ज्याला माहीत आहे, त्यानं काल पाण्याचा एक थेंब वापरू नये?

"उठा," ती म्हणाली. "हे तिथं बोला. जिथं काल बोलला तिथंच."

कारखान्यात आप्पासाहेबांनी हौदातलं पाणी मागवलं आणि सगळ्या विणकरांसमोर दोन्ही धागे ओढून दाखवले. चूक आपली, हेही म्हणाले.

"ह्यो धागा या शहरात कोणत्या दुकानात हाय?" सगीरानं विचारलं. "मी आज सकाळी सगळी गुलमंडी पालथी घातली. ही लडी ज्या पेटीतनं निघाली, ती मुंबईची पेटी कुणी आणली, सेठ?"

पेटी करीमसेठनंच आणली होती. सगळ्यांनी ती उतरवून घेतली होती.

"मेरेकू क्या मालूम?" करीमसेठ घाम पुसत म्हणाला. "मुंबईवाल्यानं मलाच फसवलं. अन् तुला कळलं होतं, तर तेव्हाच का नाही बोललीस?"

सगीरानं दाराच्या उंबऱ्याकडं बोट केलं. याला आठवतसुद्धा नाही!

"बोलले व्हते. याच उंबऱ्यात. तुमी म्हणला, हात नीट चालव. चोर सोडून संन्याशाला फाशी देताना तुमचा आवाज पार गल्लीत ऐकू आला, सेठ. आता तेवढ्याच आवाजात बोला."

माग थांबले होते. करीमसेठ पुटपुटला.

"ऐकू नाय आलं."

"मुख्तार चोर नाही!" तो ओरडला. मग मऊ होऊन म्हणाला, "उद्यापासून ये, मुख्तार. अस्सल रेशमाची लडी आली आहे. शाल नवी विण."

गलका ऐकून आलेला मुख्तार दारातच उभा होता. दोन दिवसांत तो पहिल्यांदा बोलला. "आधी लडी ती बघंल."

करीमसेठला कपाट उघडावं लागलं. लडी त्यानं स्वतःच्या हातानं आणून दिली. सगीरा खाली बसली, बोट जिभेला लावलं आणि एकेक धागा ओला करून ओढू लागली. घाई नव्हतीच. अकरा विणकर आणि आप्पासाहेब बघत होते. करीमसेठ बसायला वळला, तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "थांबा, सेठ. अजून झालं नाय."

तो उभा राहिला.