माझ्या पोटात उरलेलं औषध

मी फवारणीचा पंप बोलतोय. सोळा लिटरचा, निळा, पाठीवर घ्यायचा. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात घनश्यामच्या गोठ्यात टांगलेला असतो. माझ्यामुळे एका भल्या माणसावर आळ आला आणि मला एक शब्दही बोलता आला नाही. तेच आज सांगतो.

चार वर्षांपूर्वी घनश्यामनं मला यवतमाळहून एसटीत मांडीवर घेऊन आणलं. कपाशी, तूर, गहू, जिथं नेलं तिथं गेलो. जे भरलं ते फेकलं. घनश्याम विश्वासानं वागणारा. त्याची बायको विमलताई मात्र कशावरच पटकन विश्वास ठेवत नसे. दुकानातून आलेली बाटली ती उजेडात धरून बघायची. "शीलबंद म्हंते, मंग झाकन ढिलं काहून?" असं तिचं असायचं.

घनश्यामची संत्र्याची चाळीस झाडं होती. सात वर्षांची झाली, तरी बहर विरळच. शेजारी लालसिंगची बाग फुलांनी पांढरी व्हायची. एकदा लालसिंग धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, आत आला, एक पान तोडून म्हणाला, "पाह्य, पान पिवळं अन् शिरा हिरव्या. जस्त कमी हाये. मुळीले भेटत नाई ते पानावाटे देवा लागते."

दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्याकडची पुडी आणून दिली. जस्त, बोरॉन आणि थोडा युरिया. दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत मारायचं, पानाची खालची बाजूही भिजली पाहिजे, हे त्यानं दोनदा सांगितलं.

तो गेल्यावर विमलताईनं पुडी हुंगली. "मागच्या साली यानंच धुऱ्यावरून भांडन केलं, मोजनी आनली. अन् आता फुकट देऊन राह्यला?"

"देते तं घेवा," घनश्याम म्हणाला.

त्याला एक गोष्ट आठवली नाही. महिन्यापूर्वी त्यानं माझ्यातून गव्हातलं तण मारायचं औषध फवारलं होतं. नंतर एक लोटा पाणी घालून मला हलवलं, ओतून दिलं आणि टांगलं. ते औषध माझ्या भिंतीला, नळीला, जाळीला चिकटून वाळलं. लालसिंगची पुडी पाण्यात पडली तसं ते सुटू लागलं. मला कळत होतं. घनश्याम दांडा हलवत होता आणि मी झाडांच्या कोवळ्या शेंड्यांवर ते फेकत होतो.

दहा दिवसांत शेंडे आकड्यासारखे वळले. कळ्या गळून आळ्यात पडल्या.

घनश्याम सकाळी दूध केंद्रावर दूध घालायला गेला आणि तिथंच सगळ्यांपुढे बोलला, "लालसिंगनं पुडीत काहीतरी कालवलं." आणखी पाच-सहा जणांनी लालसिंगकडून पुड्या नेल्या होत्या. त्यांनी त्या नाल्यात फेकल्या. लालसिंग आला की लोक बोलणं थांबवू लागले.

तो एकदाच गोठ्यापर्यंत आला. "घनश्यामभाऊ, मी तुह्या झाडाचं काहून वाईट करीन?"

"धुऱ्याचं तुह्या मनात होतंच."

लालसिंग आल्या पावली परत गेला.

वरवर पाहता विमलताईचा संशय खरा ठरला होता. पण तिला तेही पटेना. रात्री जेवताना म्हणाली, "तेच औषध त्यानं सोताच्या झाडाले मारलं. ते तं बहरले."

"त्याची पुडी येगळी असन."

"तुमी पाह्यली?"

घनश्याम ताट उचलून उठला. दुसऱ्या दिवशी तो शेतात गेल्यावर ती गोठ्यात आली. माझं झाकण काढून तिनं आत नाक घातलं. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. तिनं माझ्यात नुसतं विहिरीचं पाणी भरलं आणि परसातल्या टोमॅटोच्या चार झाडांपैकी दोनांवर फवारलं. उरलेल्या दोनांवर हातानं पाणी शिंपडलं. कोणाला काही सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी त्या दोन झाडांची पानं दोरीसारखी पिळली. बाजूची दोन टवटवीत.

तिनं घनश्यामला तिथं नेऊन उभं केलं. "हे नुसतं पानी होतं. पंपातलं."

त्यानं वाकून एक पिळलेलं पान हातात घेतलं. मग हळूच म्हणाला, "गव्हाले मारलं होतं. खंगाळला होता मी."

"किती खेप?"

"एक."

"आता जिथं बोलले, तिथंच जाऊन सांगा. नाई तं मी सांगीन."

"लोक हासतीन, विमल."

"हासू द्या. त्या मानसाशी कोनी बोलत नाई आता."

सकाळी तो मलाच खांद्याला लावून दूध केंद्रावर गेला. मला सगळ्यांमध्ये ठेवलं. "औषध बरोबर होतं. माहा पंप खराब होता. मी खोटं बोललो लालसिंगवर." कोणी हसलं नाही. लालसिंग कोपऱ्यात कॅन घेऊन उभा होता. "तू मले आधी विचारलं असतं," तो म्हणाला, "तं मी पह्यले पंपच पाह्यला असता." आणि कॅन उचलून गेला.

तो बहर गेलाच. झाडं मात्र जगली. पावसाळ्यात सरळ पानं फुटली. पण लालसिंग वर्षभर बागेत फिरकला नाही. शेवटी थंडीत विमलताई स्वतः त्याच्या दारी गेली.

तो आला. पुडी आणली आणि सोबत स्वतःचा पंपही. भरण्याआधी त्यानं झाकण काढून पंप विमलताईपुढे धरला. तिनं संकोच न करता आत नाक घालून नीट हुंगलं. त्याला राग आला नाही. हे मी गोठ्याच्या दारातून पाहिलं.

यंदा बाग फुलली आहे. मला कोणी तिकडं नेत नाही. माझ्या गळ्याभोवती लाल रंगाचा पट्टा ओढलाय, मी फक्त तणाच्या कामाचा. हे आधीच व्हायला हवं होतं असं मला वाटतं. तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल, तर झाडाचं जेवण त्याच्यात ओतण्याआधी त्यात शेवटचं काय भरलं होतं ते आठवा. आठवत नसेल, तर दुसरा पंप घ्या. आम्हाला विचारून उपयोग नाही.