वाळवंट म्हणजे कोणतं

चालू.

शाळेच्या खिडक्यांना पोती ठोकून भर दुपारी अंधार केलेला. बाहेर जीपला जोडलेलं जनरेटर घरघरतंय. लातूर जिल्हा नवा, जीप नवी, टीव्ही आणि व्हिडिओ नवा. फक्त कॅसेटमधला माणूस इंग्रजी बोलतो. म्हणून त्याचा आवाज बंद ठेवून मन्मथ टीव्हीशेजारी उभा राहतो आणि मराठीत सांगतो. उदगीरचा बी.ए. झालेला पोरगा, सरकारच्या माहिती खात्यानं हंगामी घेतलेला. मागच्या खेपेला त्यानं देवमासे दाखवले, तर कुणीतरी ओरडलं होतं, "दुष्काळात समुद्र दाखवून जाळून राहिलास का आम्हाला?"

म्हणून आज मुद्दाम कोरड्या मुलखाची कॅसेट.

पुढं खुर्चीवर हणमंतराव, नदीकाठच्या जमिनीचे मालक. डावीकडं गावातल्या बाया. उजवीकडं, दाराच्या अंगाला, बौद्धवाडा.

टीव्हीवर गळ्यात लाल मण्यांच्या माळा घातलेल्या बाया कोरड्या नदीत उतरल्या. वाळूत खड्डा, खड्ड्यात बाई, बाईच्या हातात वाडगं. मन्मथ म्हणाला, "इकडं रिवाज असा. वाळवंटातलं पाणी कुणाच्या मालकीचं नसतं. ज्यानं झिरा खणला त्यानं आधी भरायचं. मग येईल त्यानं."

थांबव.

"थांबवा ते," बौद्धवाड्यातली कोंडाबाई उठून म्हणाली. "पुन्यांदा सांगा. वाळवंटातलं पाणी कुणाचं?"

इथं मन्मथ चुकला होता आणि त्याला ते कळलंही नव्हतं. त्याच्या भूगोलाच्या पुस्तकात वाळवंट म्हणजे मैलोन्‌मैल ओसाड मुलूख. या गावात वाळवंट म्हणजे गावाखालचं नदीचं पात्र, दुसरं काही नाही. त्या वाळवंटात कोंडाबाईनं झिरा खणला होता, कंबरेइतका खोल. पाणी लागलं तसं हणमंतरावांनी वर बाभळीच्या काट्या टाकल्या. काठ माझा, म्हणून वाळू माझी. टँकर यायचा तोही त्यांच्याच विहिरीत रिकामा व्हायचा.

"बस खाली कोंडे," हणमंतराव म्हणाले. "ते आफ्रिकेचं हाय."

"सरकारचा माणूस वाळवंट म्हणला. आमी कानानं ऐकलं."

"काय स्वामी?" हणमंतराव मन्मथकडं वळले. "कुणी पढवून पाठवलं तुला?"

"मालक, मी फक्त कॅसेटमधलं—"

"आमची शाळा निजामाची, उर्दूची. मास्तर याला रेगिस्तान म्हणायचे. रेगिस्तान म्हण. मागं घे अन् नीट सांग."

मागं.

बाया उलट्या पावलांनी नदीबाहेर चढल्या. वाडग्यातलं पाणी खड्ड्यात परत गेलं. खड्डा बुजला.

पुन्हा चालू.

"इकडं रिवाज असा," मन्मथ म्हणाला. "रेगिस्तानातलं पाणी कुणाच्या मालकीचं नसतं."

"हां. आता बसलं," हणमंतराव म्हणाले.

कोंडाबाई उभीच. "रेगिस्तान म्हंजे?"

"जिथं नुसती वाळू असती. पाणी औषधाला न्हाई," हणमंतरावांनीच सांगून टाकलं, मास्तरच्या तोऱ्यात.

"मग त्या बाया काय वाळू पिऊन राहिल्या? पाणी न्हाई तिथं बी कुणी मालक न्हाई. अन् आमच्या वाळवंटात पाणी हाय, तर मालक निघाला. काट्यांसकट."

डावीकडून एक बाई फिसकन हसली. पारूबाई, हणमंतरावांचा सालगडी पंढरी, त्याची बायको.

"दात काढू नको पारे! दुपारची भाकर कुणाच्या घरची खाल्लीस?"

"खाल्ली, हणमंतराव," तिच्या वतीनं कोंडाबाईच बोलली. आजवर ती त्यांना मालक म्हणायची. "पर पाणी प्यायची राहिली."

हणमंतरावांनी उठून वायर ओढली.

बंद.

यानंतरचं टीव्हीवर नाही, म्हणून मागं घेता येत नाही.

कोंडाबाई घागर घेऊन तडक नदीत उतरली. मागं बौद्धवाड्यातल्या बाया. त्यांच्या मागं, चार हात राखून, गावातल्या बाया. त्यांच्याही घागरी रिकाम्याच होत्या. कोंडाबाईनं काट्या उपसून फेकल्या. तळहातात काटा मोडला, तो दातांनी काढून थुंकली. खड्ड्यात उतरली आणि वाडगं भरू लागली. पाणी गढूळ, हळू येणारं.

हणमंतराव पंढरीला घेऊन आले. पंढरीच्या खांद्यावर फावडं.

"लोट वाळू."

पंढरीनं फावडं रोवलं आणि बायांच्या रांगेकडं बघितलं. "मालक, आमची हाय तिथं. घागर घेऊन."

"तिला बी लोट."

पंढरीनं फावड्यावरचा हात काढून घेतला. मग हणमंतरावांनी स्वतः फावडं घेतलं आणि एक फावडं वाळू खड्ड्यात टाकली. कोंडाबाईच्या केसांत, पदरात, वाडग्यात. तिनं वाडगं उलटं केलं, झटकलं, पुन्हा बुडवलं. दुसरं फावडं. पुन्हा झटकलं. सवय नसलेला माणूस वाळूत लवकर दमतो.

तिची घागर भरली. तिनं वर बघितलं, हणमंतरावांकडं नाही, पारूबाईकडं.

"ये. माझ्या हातचं चालतंय?"

पारूबाईनं एकदा नवऱ्याकडं, एकदा मागच्या बायांकडं बघितलं. कुणी नजर दिली नाही. ती ते चार हात चालून आली आणि घागर खाली दिली.

"विटाळली रे!" हणमंतराव पंढरीवर ओरडले. "तुझी चूल विटाळली!"

"चुलीवर ठेवायला कायतरी येऊ द्या आधी," पारूबाई म्हणाली.

हणमंतरावांनी फावडं टाकलं आणि काठावर उभ्या मन्मथला शिवी हासडली. "ए वाळवंट! ही आग तू लावलीस. सांग हिला, तुझं चुकलं म्हणून."

मन्मथ खाली उतरला. वाळू तापलेली, चपलेत जाणारी. खड्ड्याच्या तोंडाशी येऊन तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चुकलं नाही. ह्यालाच वाळवंट म्हणतात."

त्याला वाटलं, कोंडाबाई काही चांगलं बोलेल.

"सांगून झालं न्हवं?" ती वर न बघता म्हणाली. "मग सरका तिकडं. सावली पडून राहिली, पाणी दिसंना."