ओपाची सात-सत्तावन्न

दीदेरिक येणार म्हणून पांनी, म्हणजे लुरेटच्या वडलांनी, बंदुकांचं कपाट स्वतः उघडलं. एरवी किल्ली लुरेटकडं असते. बंदुकांना तेल ती देते, परवान्यांच्या तारखा ती सांभाळते, परदेशी शिकाऱ्यांना विमानतळावरून ती आणते आणि त्यांनी धड न मारलेल्या जनावरांमागं काट्याकुट्यातून तीच फिरते. दूर्नलाख्तवर, त्यांच्या या शेतावर, मका पिकत नाही, कुडू आणि इम्पाला ही हरणं पिकतात, आणि हे पीक आईमागं तिनं एकटीनं काढलं. पण मुलगा न्यूझीलंडहून पहिल्यावहिल्या शिकारीला येतोय म्हटल्यावर म्हाताऱ्यानं हात पुढं केला. "किल्ली दे." तिनं दिली.

सकाळी टेबलावर तीन बंदुका आडव्या मांडल्या होत्या. बाजूला कॉफी, रस्क, आणि दीदेरिकचे दोन भलेमोठे कोपर. हा पोरगा लहानपणापासून वसतिगृहात. सुट्टी लागली की रग्बीचा सराव, मग कॉलेज, मग लग्न, मग ऑकलंड. शेतावर वाढला असं लोकांना सांगतो, पण शेतावर तो पाहुणाच होता. चाळिशी आली तरी त्यानं सशावरसुद्धा गोळी झाडली नव्हती.

"कुडूला काय लागतं?" त्यानं विचारलं. "तिकडं मित्र म्हणत होते, आफ्रिकेत जायचं तर मोठं कॅलिबर ने, जाड गोळीचं."

"तुझ्या मित्रांनी मेंढ्या मारल्यात," पा म्हणाले. त्यांनी डावीकडची बंदूक उचलली. जुनी माउझर, दुर्बीण नाही, दस्ता हाताळून हाताळून काळा पडलेला. "ही घे. ओपाची. सात-सत्तावन्न. गोळी लांब आणि सडपातळ, आत खोल जाते. धक्का तर नावालाच. लहान पोरगंही मारेल हिनं."

लुरेटचा रस्क कॉफीत पडला. तिनं तो काढला नाही, तसाच विरघळू दिला.

तिला चौदावं लागलं त्या हिवाळ्यात तिनं हीच बंदूक मागितली होती. ओपा म्हणजे तिचा आजा. त्याचं घरात एक म्हणणं होतं. जो या बंदुकीनं पहिला कुडू पाडेल, बंदूक त्याची. दस्त्यावर तो चाकूनं आपलं नाव कोरणार. वर ओपाचं नाव होतं, खाली पांचं, आणि त्याच्या खाली बोटभर लाकूड कोरं. तेव्हा पा म्हणाले होते, "नको पोरी, ही लाथ मारते. खांदा मोडेल तुझा." आणि तिच्या हातात दिली दोनशे त्रेचाळीस, बायकापोरांची. तिनं त्यावरच भागवलं. पहिला इम्पाला पाडला तेव्हा पा दीदेरिकचा सामना बघायला गेले होते. इथं पहिल्या शिकारीला घरचं मोठं माणूस जनावराचं रक्त शिकाऱ्याच्या तोंडाला फासतं. तिनं स्वतःच्या हातानं फासलं, बकीच्या, त्यांच्या उघड्या मालगाडीच्या, आरशात बघून.

पुढं पाहुणे आपापल्या बंदुका घेऊन यायला लागले. एका बेल्जियन बाईकडं सात-सत्तावन्न होती. लुरेटनं ती झाडून बघितली, आणि त्या दिवशी तिला कळलं की हिचा धक्का तिच्या रोजच्या तीनशे आठपेक्षाही कमी आहे. पा खोटं बोलले होते. खांद्याची काळजी नव्हती ती. कोऱ्या बोटभर लाकडाची होती. तरी ओपाची बंदूक तिनं कधी चोरून झाडली नाही. तिला ती दिलेली हवी होती. दर हिवाळ्यात जवसाचं तेल लावताना त्या कोऱ्या जागेवर तिचं फडकं जरा जास्त वेळ फिरायचं, एवढंच.

"सस, तू सांग," दीदेरिक तिच्याकडं वळला. मोठी म्हणून तो तिला सस म्हणायचा. "रोजचं काम तुझं. मी काय घेऊ?"

हा प्रश्न तिला प्रत्येक पाहुणा विचारायचा आणि तिचं उत्तर ठरलेलं होतं. डोळे न मिटता जी मारता येईल ती घ्या. कॅलिबर कुडू विचारत नाही. हे ती बँकवाल्यांना सांगायची, दातांच्या डॉक्टरांना सांगायची, एका पाद्र्यालाही सांगितलं होतं.

"तीनशे पंच्याहत्तर घे," ती म्हणाली.

पांनी मान वर केली. "गव्याची बंदूक? कुडूला?"

"एवढे खांदे आहेत त्याचे. पा म्हणतात ते खरंय, सात-सत्तावन्न लहान पोरगंही मारतं. पण फोटो तिकडं ऑकलंडला दाखवायचाय ना त्याला. मित्र विचारतील, कशानं मारला. काय सांगेल?"

दीदेरिक हसला. पण हात तीनशे पंच्याहत्तरवर गेला होता. जड, जाडजूड नळीची, वर मोठी दुर्बीण. "बघतो झाडून," तो म्हणाला. "पा, ओपाची राहू दे कपाटात."

लुरेटनं नवा रस्क घेतला आणि नीट बुडवून खाल्ला.

या शेतावर रानात जाण्याआधी प्रत्येकाला वारुळावर गोळी मारून दाखवावी लागते. कोरड्या नदीपलीकडं एक उंच वारूळ आहे, त्यावर फिनियस पुठ्ठा खोचतो. फिनियस माग काढणारा. लुरेटबरोबर तो पहिल्यापासून आहे. बाक मांडलेलं असतं. दीदेरिक बसला, दस्ता खांद्याला टेकवला, आणि नवखा माणूस करतो तेच त्यानं केलं. नीट दिसावं म्हणून मान पुढं काढून डोळा दुर्बिणीला चिकटवला.

लुरेटनं पाहिलं. पाहुणा असता तर तिनं त्याची कॉलर धरून मागं ओढलं असतं.

धमाका झाला. वारुळावर काहीच हललं नाही. दुर्बिणीची कड भुवईवर बसली आणि दीदेरिकच्या नाकावरून रक्ताची धार लागली.

"रक्त तर लागलं साहेबांच्या तोंडाला," फिनियस म्हणाला. "आता जनावर कशाला मारायचं?"

सगळे हसले, दीदेरिकसुद्धा. पण रक्त पुसून झाल्यावर तो पुन्हा बाकावर बसला तेव्हा चाप ओढायच्या आधीच त्याचे डोळे मिटत होते. लुरेटला ते स्वच्छ दिसलं. धक्क्याची भीती एकदा खांद्यात शिरली की कॅलिबर बदलून जात नाही, आठवडे लागतात. तिनं तोंड उघडलं नाही. दुसरीही गोळी वारुळाला लागली नाही.

आणि मागं बसून बघत असलेले पा उठले. गुडघा धरून चालत बकीपाशी गेले आणि सीटमागून ओपाची बंदूक काढली. म्हातारा घेऊनच आला होता.

"बास झाला तमाशा," ते म्हणाले. "हिला दुर्बीण नाही, डोळा फुटायचा नाही. धर."

लुरेटचे कान तापले. सकाळी तिनं मोठ्या अकलेनं जी बंदूक त्याच्या हातातून काढली होती, ती तिच्याच अकलेनं परत त्याच्या हातात आली. दीदेरिकनं सात-सत्तावन्ननं पुठ्ठ्याच्या कडेला दोन भोकं पाडली. पा म्हणाले, चालेल. ती कधी कडेच्या भोकावर 'चालेल' म्हणाली असती का? पाहुण्याला तिनं संध्याकाळपर्यंत बाकावरून उठू दिलं नसतं.

"तू घेऊन जा त्याला," पा म्हणाले. "माझा गुडघा चालणार नाही. आणि लुरेट, गोळी त्याला मारू दे. मध्ये येऊ नकोस."

"मी कधी आले मध्ये?" ती म्हणाली.

मोपानीच्या झाडांची पानं लाल झाली होती. वारा तोंडावर होता. फिनियस पुढं, मग ती, मागं दीदेरिक, भुवईवर पट्टी, पायाखाली काटक्या मोडत. तिला त्याच्या पावलांचासुद्धा राग येत होता. त्याच्या पाठीला पडलेल्या पांच्या थापेचा, त्याच्या डब्यात पांनी स्वतः कापून दिलेल्या बिल्टोंगचा, त्या सुकवलेल्या मांसाचा. तिच्या डब्यात कोणी कधी काही कापून दिलं नव्हतं. मेलेल्या कुडूंच्या शिंगांनी पांच्या बैठकीची भिंत भरली होती ती कोणाच्या पायांवर?

ओढ्याच्या वळणावर फिनियस खाली बसला आणि बोट दाखवलं. नर होता. शिंगांचे वेढे झाडाच्या फांद्यांत मिसळलेले, अंगावर पांढऱ्या रेघा, कान जणू त्यांच्याकडंच वळलेले. तिनं काठ्यांची तिपाई उघडली. दीदेरिकनं बंदूक टेकवली. त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"पुढच्या पायाच्या रेषेत, वर एक तृतीयांश," ती कुजबुजली. "घाई नको."

तिनं कुडूकडं नाही, दीदेरिकच्या डोळ्याकडं पाहिलं. डोळा मिटला. मग आवाज झाला.

नराची पाठ कमानीसारखी वाकली आणि तो पडला नाही. पोटात लागली होती. मागचे पाय झाडत तो काट्यांत घुसला.

"लागली ना? लागली?" दीदेरिक विचारत होता.

"लागली," ती म्हणाली. "नको तिथं."

माग काढायला दुपार गेली. रक्त थोडं, त्यात चघळलेल्या पानांचा हिरवा रस मिसळलेला. गोळी दीदेरिकनं मारली हे खरं. पण या जनावराच्या पोटात तिचा सकाळचा शब्द होता, वारुळापाशी गिळलेला शब्दही होता, आणि तिला ते माहीत होतं. म्हणून ती कुठंही थांबली नाही.

शेवटी तो दिसला. बाभळीला टेकून उभा, मान खाली. दीदेरिकनं बंदूक वर केली. मग त्यानं ती खाली केली.

"सस, माझ्यानं नाही व्हायचं," तो म्हणाला. "पुन्हा तसंच होईल. तू मार."

त्यानं ओपाची बंदूक तिच्या हातात दिली. तिच्या पाठीवर तिची तीनशे आठ होती. ती काढून मारता आलं असतं. तिनं काढली नाही.

दस्ता खांद्यात असा बसला जणू मापानं केला होता. चाप ओढला. धक्का? वासरानं नाकानं ढोसावं तेवढाच. कुडू उभ्याचा खाली बसला आणि मग कलला. ती तशीच उभी राहिली, खांदा चोळत. खांद्याला काही झालं नव्हतं. म्हणून चोळत.

पा बकी घेऊन आले. गुडघा विसरून जवळजवळ पळत आले. शिंगं हातानं मोजली, दीदेरिकला मिठी मारली, जखमेत बोटं बुडवली आणि पोराच्या दोन्ही गालांवर रक्त ओढलं.

"पा, मारला तिनं," दीदेरिक म्हणाला. "मी नुसता पोटात..."

"पहिलं रक्त तू काढलंस. ज्याचं पहिलं रक्त, जनावर त्याचं. हा नियम परक्यांना आपणच सांगतो." त्यांनी खिशातला चाकू काढून दीदेरिकपुढं धरला. "संध्याकाळी नाव कोर. बंदूक इथंच राहील कपाटात, तिकडं परवान्याची कटकट. लुरेट बघेल तिच्याकडं."

फिनियस दुसरीकडं बघायला लागला.

लुरेट म्हणाली, "पा, ही लाथ मारत नाही."

"काय?"

"ओपाची बंदूक. आज पहिल्यांदा झाडली. लाथ मारत नाही ही."

म्हाताऱ्याच्या हातावरचं रक्त वाळत होतं. ते त्यांनी पँटला पुसलं. "तू तेव्हा लहान होतीस," ते म्हणाले.

"सकाळी तर म्हणालात, लहान पोरगंही मारेल."

पांनी शिंगं पुन्हा मोजायला घेतली.

तिनं बंदुकीचा बोल्ट, गोळी आत ढकलणारा पोलादी दांडा, मागं ओढला, खटका दाबला, बोल्ट सगळा बाहेर काढला. फडक्यात गुंडाळून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला आणि बटण लावलं. मग बंदूक दोन्ही हातांनी दीदेरिकला दिली.

"कोर नाव," ती म्हणाली. "पाहिजे तेवढं खोल कोर. मी तेल लावीन."

"आणि बोल्ट?" पांचा आवाज चढला. "बोल्टशिवाय काठी आहे ती नुसती."

"हो."

ती कुडूपाशी गुडघ्यावर बसली आणि पोट फाडायला लागली, कारण ते कामही तिचंच होतं. दीदेरिक गालांवर रक्त घेऊन उभा होता. त्यानं नळी वर करून आतून पाहिलं. पलीकडं आभाळाचा वाटोळा तुकडा दिसत होता. चाकू त्यानं उघडला नाही. पांनी दोनदा सांगितलं तरी उघडला नाही.