स्टुडिओतल्या कोटाचा रंग

पुलाच्या कठड्यावर नीट घडी घातलेला कोट.

माउसखालचं रबर पुन्हा निघालंय.

बाहीतून जेमतेम बोटांची टोकं दिसतात.

“तासाभरात होईल ना?” असं विचारणाऱ्याच्या हातात हमखास सगळ्यात फाटका फोटो.

पोलिसांच्या कागदावर एका बाईची सही.

आता सरळ सांगते. जुन्या कृष्णधवल फोटोंना मी कॉम्प्युटरवर रंग भरते. सोमवारी सकाळी एक मुलगी आली. वय पस्तिशीचं, पण आई बरोबर होती म्हणून मुलगीच. वडिलांचा फोटो होता. कोटातला तरुण माणूस.

“कोटाचा खरा रंग काढून द्या. हिरवा होता की तपकिरी?”

“काढता येत नाही. मी भरते. हिरवा काय, तपकिरी काय, फोटोत दोन्ही करडेच.”

“मशीनला कळतं म्हणे.”

आपोआप रंग भरणारं बटण दाबलं. कोट हिरवा झाला. मुलीने आईकडे चोरी पकडल्यासारखं पाहिलं.

“पुन्हा दाबा,” आई म्हणाली.

दाबलं. तपकिरी.

“बघ. सगळ्यांच्याच हो ला हो करतंय ते,” आई म्हणाली.

मग मुलीनेच सगळं सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी वडील घरातून गेले. चौथ्या दिवशी पुलावर हिरवा कोट सापडला. पोलिसांनी ओळख पटवायला बोलावलं, तर आई म्हणाली, ह्यांचा नाही, ह्यांचा तपकिरी होता. तसं लिहूनही दिलं.

“मेले असतील तर रडते. सोडून गेले असतील तर शिव्या घालते. एकदाचं काय ते कळू दे,” मुलगी म्हणाली.

मला दोघींचाही संशय यायला लागला. मुलगी हिरव्यासाठी एवढी का अडून बसली आहे? वडील मेले असं ठरलं तर घराच्या कागदांचं काही सुटत असेल. आणि आई? ‘तपकिरी’ म्हणताना तिने फोटोकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मुलीचा फोन वाजला, ती बाहेर गेली. मी फोटो मोठा केला. खांदे उतरलेले, बाह्या बोटांपर्यंत, काखेजवळ चुण्या. ढगळ कोट मागून चिमट्याने आवळला की अशा चुण्या पडतात. असे कोट मी शेकड्याने रंगवलेत. जुन्या फोटो स्टुडिओत एक कोट खुंटीला लटकत असे, येईल तो घालून बसे.

“मावशी, हा त्यांचा कोटच नाही.”

“स्टुडिओतला आहे. दुसऱ्याच्या घामाचा वास येत होता.”

“मग त्यांचा कुठल्या रंगाचा होता?”

तिने आधी दाराकडे पाहिलं.

“हिरवा. मी हो म्हटलं असतं तर पोलिसांनी शोधायचं थांबवलं असतं.”

“मग शोधलं?”

“दोन दिवस.”

काचेपलीकडे मुलगी फोन बंद करत होती.

“तिला सांगाल ना?”

“सांगेन घरी गेल्यावर. तुम्ही तपकिरी भरा.”

एकतीस वर्षं न सांगणारी बाई घरी गेल्यावर सांगणार, यावर माझा काडीचाही विश्वास बसला नाही.

मुलगी आत आली. “ठरला रंग?”

मी चेहऱ्याला रंग भरला होता, कोट करडाच ठेवला होता. मॉनिटर बंद केला आणि तिची खुर्ची आईसमोर वळवली.

“मशीनचं झालं. आता आई सांगतील. मी बाहेर थांबते.”

बाहेर आल्यावर मुलीने एवढंच सांगितलं: हिरव्या कोटाचं कापड आईने निवडलं होतं, त्या फोटोनंतर दोन वर्षांनी.