एल्केचे हात

"डावीकडे म्हणतेस की उजवीकडे, ते एकदा ठरव बाई," लोथार खिडकीतून ओरडला आणि खुर्च्यांवर बसलेले सगळे हसले.

सहलीकरांच्या त्या नदीकाठच्या तळावर, गावाच्या जुन्या तटाखाली, नवी कॅरॅव्हॅन आली की खुर्च्या बाहेर निघतात. एवढी लांबलचक खोली गाडीमागे जोडलेली आणि ती उलटी ढकलत दोन झाडांमधल्या जागेत घालायची, म्हणजे संसाराचीच परीक्षा. नवरा चाकावर, बायको मागे उभी राहून हातांनी खुणा करणार. बाकीचे बिअर पीत बघणार. मन्नी तर बायकोसह बारा महिने तिथेच राहायचा, कॅरॅव्हॅनभोवती कुंपण घालून टोमॅटो लावायचा आणि मांडीवर कुत्रा घेऊन येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मोठ्याने गुण द्यायचा.

एल्केचं आयुष्य बेकरीच्या काउंटरमागे गेलं होतं. पावाच्या पाट्या उचलून रुंद झालेले तिचे हात; त्याच हातांनी तिने उन्हाळ्यामागून उन्हाळे लोथारला अलगद मागे आणलं होतं, लेकराला झोळीत ठेवावं तसं. एक ओरखडा येऊ दिला नव्हता. "माझी बायको खुणा करत नाही हो, माश्या हाकलते," हे लोथारचं प्रत्येक तळावरचं ठरलेलं वाक्य. लोक हसायचे. लोकांबरोबर तीही हसायची.

यंदा लोथारच्या नजरेत मधोमध राखाडी डाग पडला होता. कडेकडेचं दिसे, समोरचं विरून जाई. डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं आणि ते एल्केशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. वाटेतल्या पाट्या तीच वाचे, दिवा लाल झाला की तीच सांगे. उद्या आल्प्सचा घाट होता. आजच्या तळावरच थांबू, लेकीला बोलावून घेऊ, ती नेईल गाडी, असं तिने सकाळी नाश्त्याला परोपरीने विनवलं. लोथार पावाला लोणी लावत होता. निम्मं पावावर, निम्मं ताटलीत. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा आपटलेल्या बाईने आपल्याला अक्कल शिकवू नये, असं तो म्हणाला. मग सुरी खाली ठेवून, अगदी हळू:

"कुणाजवळ एक शब्द काढलास, तर त्या दिवसापासून तू मला मेलीस."

तिने शब्द काढला नव्हता. आताही काढणार नव्हती.

फाटकापाशी तळाची मालकीण आडव्या दांड्यावर हात ठेवून उभी होती. दुपारच्या विश्रांतीची वेळ होत आली, एकदा दांडा पडला की इंजिनाचा आवाज चालणार नाही, आवरा लवकर, म्हणत होती. लोथारने माश्यांचं ते वाक्य टाकलं. हशा उसळला. मन्नीने दहापैकी दोन गुण दिले, तेही बाईच्या सोशिकपणाला.

एल्केने हात खाली घेतले. स्वेटरच्या खिशात घातले.

आता थांबेल, तिला वाटलं. हात कुठे ठेवलेस म्हणून शिवी घालेल. शिवी आली, तर त्याला दिसतंय. जन्मात पहिल्यांदा तिने त्याच्या शिवीची वाट पाहिली.

"दिसतंय, दिसतंय," लोथार म्हणाला. "अजून डावीकडे ना? हे घे."

कॅरॅव्हॅन मागे सरकली. बाई रुसली असं समजून लोक आणखी हसले.

"अस्सं. आज बरी करतेस खुणा," लोथार आरशात बघत म्हणाला. "असाच हात ठेव."

हसू एकेका खुर्चीवरून उतरत गेलं. मन्नी ओरडायला उठला. एल्केने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो पुन्हा बसला.

झाडाच्या बुंध्याशी पत्रा चेपला. आवाज फार मोठा झाला नाही.

"बघितलंत?" लोथार खिडकीतून डोकं काढून म्हणाला. "एवढं झाड, तेसुद्धा हिला दिसत नाही." आणि हशाची वाट पाहत थांबला, खुर्च्यांच्या जरा अलीकडे, जिथे कुणीच नव्हतं तिकडे बघत. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाला, जास्त मोठ्याने.

फाटकाचा दांडा खाली आला. लोथारने इंजिन बंद केलं आणि तसाच बसून राहिला. तळ चिडीचूप झाला. बऱ्याच वेळाने एल्के खिडकीपाशी आली.

"तुझे हात कुठे होते?" त्याने विचारलं.

"खिशात."

किल्ली काढून त्याने खिडकीबाहेर धरली. तिने दोन पावलं सरकून ती घेतली.

"किती जण बघतायत?"

एल्केने ओळीने भरलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"कुणी नाही. विश्रांतीची वेळ झाली ना. सगळे आत गेले."

तेव्हा कुठे लोथार उतरला. इतके दिवस कुणाला दाखवलं नव्हतं तसा, दोन्ही हातांनी पत्रा चाचपडत, पायाने जमीन शोधत, कॅरॅव्हॅनच्या दाराकडे निघाला. वाटेत मन्नीच्या बायकोचे पाय होते. तिने ते आवाज न करता पोटाशी ओढून घेतले. आणि मन्नीने मांडीवरच्या कुत्र्याचं तोंड मुठीत घट्ट मिटून धरलं.